शोध बातमीचं ४ दिवसांचं वर्कशॉप केलं, विद्यार्थ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं की ते पुण्यातलं शोध पत्रकारितेचं वर्कशॉप कसं होतं, पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच नीट बसून लिहून टाकते. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. मी साताऱ्याची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, मास कॉम घेतलंय. आमच्याकडे शोध पत्रकारिता म्हणजे एक युनिट, व्याख्या लिहा, वैशिष्ट्ये लिहा, १० मार्क, संपलं. बातमी प्रत्यक्षात कशी करायची, पहिला कागद कुठून आणायचा, तो वाचायचा कसा, हे कोणी हाताला धरून दाखवलंच नव्हतं. मला तेच हवं होतं.

विद्यार्थ्यांना फी १५०० रुपये, बाकीच्यांना जास्त. सलग दोन शनिवार-रविवार, सकाळी १० ते साडेपाच, त्यात जेवण आणि दोनदा चहा. आम्ही २६ जण होतो, निम्मे पुण्यातले आणि निम्मे बाहेरगावचे, एक मुलगा तर लातूरहून रात्रभर प्रवास करून यायचा. मला एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे परवडलं, शनिवारी रात्री मावशीकडे मुक्काम.

आधीच सांगते, माझे ५ पैकी ४ स्टार आहेत. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण ज्या एका गोष्टीसाठी ४ दिलेत ती दुसऱ्या शनिवारी झाली आणि त्या एका दिवसासाठी मी परत १५०० भरेन.

पहिल्या दिवशी वर्कशॉप घेणाऱ्या सरांनी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला कशावर शोध बातमी करायचीय. उत्तरं बघा, वाळू माफिया, शिक्षण क्षेत्रातला भ्रष्टाचार, ड्रग्ज, सरकारी दवाखान्यांची दुरवस्था. माझं होतं, आमच्या गावच्या पाणी योजनेतला घोटाळा. सरांनी एकालाही चूक म्हटलं नाही, फक्त फळ्यावर सगळं लिहून काढलं आणि म्हणाले की हे विषय झाले, यातला प्रश्न कुठाय? मग जेवणापर्यंत एकच काम, आपला विषय कापत कापत इतका लहान करायचा की त्याचं उत्तर एखाद्या कागदावर नाहीतर एखाद्या जागेवर जाऊन मिळेल. कुठली योजना, कुठलं गाव, कुठलं वर्ष, योजनेतलं नेमकं कुठलं काम. मला वाटलं होतं माझा विषय तसा लहानच आहे, पण कापता कापता पाइपलाइन गेली, मोटर गेली, विहीर गेली आणि शेवटी उरलं हे की आमच्या डोंगरावरच्या बैठ्या टाकीवर निळ्या अक्षरात क्षमता ५०,००० लिटर असं रंगवलंय, कागदावर ती किती आहे आणि खरी किती आहे? बस एवढंच.

मग सरांनी वहीच्या पानावर दोन रकाने करायला लावले. डावीकडे, माझा संशय खरा असेल तर कुठला पुरावा सापडायला हवा. उजवीकडे, माझा संशय चुकीचा असेल तर काय सापडेल. डावा रकाना सगळ्यांचा पाच मिनिटांत भरला. उजव्यासाठी अर्धा तास गेला, आणि माझ्या बाजूच्या मुलीचा तर रिकामाच राहिला. सर तिला म्हणाले की हा रकाना भरता येत नसेल तर तू शोध घेत नाहीयेस, तुझं आधीच ठरलंय. तिला तेव्हा थोडं लागलं, पण संध्याकाळी तिनेच विषय बदलला.

पहिल्या रविवारी माहिती अधिकार. हा भाग मला वाटतं प्रत्येक कॉलेजमध्ये व्हायला पाहिजे, पत्रकारिता घेतलेली असो वा नसो. कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अर्ज लिहायला घेतला की गाडी अडते. आमच्यातल्या बहुतेकांनी लिहिलं होतं, रस्ता इतका खराब का आहे याची माहिती द्यावी. सरांनी सांगितलं की का, कशामुळे, जबाबदार कोण, असं विचारलं की ही माहिती नसून खुलासा मागितलाय असं उत्तर येतं आणि एक महिना फुकट. त्यांच्याकडे जो कागद आहे तोच मागायचा, तोही त्याच्या ऑफिसातल्या नावाने. म्हणजे अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि या सगळ्याच्या साक्षांकित प्रती. आणि आपल्याकडे महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे आपली गावगाथा लिहायला जागाच नाही.

जोडपत्र अ मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प, आणि तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, कलम ७(६), मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. ही मी वहीत लाल पेनने लिहून ठेवली आणि नंतर कामाला आली, ते शेवटी सांगते. आणि सरांनी सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं असेल तर, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर पडू नका, पोच नाही तर अर्जच नाही.

त्याच दिवशी हेही कळलं की बऱ्याच गोष्टींना अर्ज करायचीच गरज नसते, कलम ४ खाली ऑफिसांनी स्वतःहून माहिती टाकायची असते. ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कुठल्याही ग्रामपंचायतीचा खर्च बघता येतो, महाटेंडर्स या साइटवर निविदा बघता येतात, रोजगार हमीची हजेरीपटं सुद्धा ऑनलाइन आहेत, सातबारा तर सगळ्यांना माहितीच आहे. आम्ही लॅपटॉप नसलेले मोबाईलवरच बघत होतो आणि माझ्या शेजारचा मुलगा स्वतःच्या गावाचा खर्च बघून चहा प्यायला पण उठला नाही. आणखी एक, जिल्हा पातळीच्या ऑफिसांत आणि महापालिका-नगरपालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाईल प्रत्यक्ष बघायची सोय आहे, तसा २०१८ चा सरकारी आदेशच आहे. माझ्या अख्ख्या वर्गात हे एकालाही माहीत नसेल.

आता दुसरा शनिवार.

सकाळी सरांनी आम्हाला ५-५ जणांच्या गटात एकेक झेरॉक्स दिली. त्यांनी स्वतः पूर्वी माहिती अधिकारात काढलेलं एक देयक, ठेकेदाराचं आणि अधिकाऱ्यांचं नाव काळ्या पेनने झाकलेलं. काम म्हणजे क्लासच्या मागच्याच गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवणे. देयकाची तारीख २८ मार्च. त्यावर एकूण क्षेत्रफळ २५२ चौरस मीटर, ब्लॉकची जाडी ६० मिलिमीटर, पुढे दर आणि रक्कम. सोबत प्रत्येक गटाला एक मोजपट्टी दिली आणि सांगितलं की जा, १२ वाजता परत या.

आम्ही गेलो. ऊन होतं, गल्लीत दुचाक्या लावलेल्या, एका काकांनी विचारलं की काय मोजताय, महापालिकेचे का? आम्ही सांगितलं विद्यार्थी आहोत, शिकायला आलोय. (हे पण सरांनी बजावलं होतं, कोणी विचारलं तर खरं सांगायचं, आपण दुसरेच कोणी आहोत असं भासवायचं नाही.) तीन वेळा मोजलं. लांबी ११८ मीटर, रुंदी दीड मीटर, म्हणजे १७७ चौरस मीटर. एका कडेला तुटलेला ब्लॉक होता, त्याची जाडी मोजली तर बरोबर ६० मिलिमीटर. कागदावर २५२ आणि जागेवर १७७, फरक ७५ चौरस मीटरचा. म्हणजे जवळपास ३० टक्के काम झालंच नाही आणि बिल पूर्ण निघालं, तेही मार्च एण्डला!! आम्ही पाचही जण अक्षरशः पळत वर आलो. लगेच बातमी लिहायला बसलो, आमच्या गटाचं हेडिंग होतं, पेव्हर ब्लॉकच्या कामात ३० टक्के घोटाळा. बाकीच्या गटांची पण तशीच, एकाने तर मलिदा शब्द वापरला होता.

सरांनी सगळ्या बातम्या शांतपणे वाचल्या, काही बोलले नाहीत, जेवायला सोडलं. जेवण झाल्यावर प्रत्येक गटाला दुसरी झेरॉक्स दिली, मोजमाप पुस्तिकेची दोन पानं. देयकात नुसती बेरीज असते, पण ती बेरीज कुठून आली ते मोजमाप पुस्तिकेत ओळीओळीने असतं, लांबी गुणिले रुंदी करून. दुसऱ्या पानावर एक वेगळी ओळ होती, शाळेच्या गेटसमोरचा पट्टा, ३० मीटर बाय २ मीटर, म्हणजे ६० चौरस मीटर. आम्ही परत खाली गेलो. गल्लीच्या टोकाला वळून पुढे शाळेचं गेट आहे, तिथे तो पट्टा होता, तसेच ब्लॉक, तोच रंग. मोजला, बरोबर ३० बाय २.

७५ मधून ६० गेले, उरले १५.

वर येताना जिन्यात कोणीच बोलत नव्हतं. मी एकच विचार करत होते की हे जर खरंच छापून आलं असतं तर? एका माणसाचं नाव, ३० टक्के, घोटाळा, आणि शाळेच्या गेटसमोर ते ब्लॉक सगळ्यांना दिसतायत. तो माणूस बरोबर ठरला असता आणि आपण खोटे. आणि जे खरे १५ चौरस मीटर राहिले होते त्याबद्दल परत कोणी आपलं ऐकूनच घेतलं नसतं.

मग सरांनी एका निवृत्त अभियंत्यांना आत बोलावलं, ते खास यासाठी आले होते. त्यांनी मोजमाप पुस्तिका कोण लिहितं, शाखा अभियंता जागेवर मोजून नोंद करतो, मग वरचा अधिकारी त्यातली काही मापं स्वतः तपासतो, सही कुठे असते, खाडाखोड असेल तर त्यावर सही का लागते, हे सगळं दाखवलं. दोषदायित्व कालावधी म्हणजे काय तेही सांगितलं, ठराविक मुदतीत काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, त्यामुळे रस्ता उखडला ही अर्धीच बातमी, त्याची मुदत संपली होती का, ठेकेदाराला नोटीस गेली का, हा पुढचा प्रश्न. उरलेल्या १५ चौरस मीटरबद्दल आम्ही विचारलं तर म्हणाले की चूक असू शकते, लबाडी असू शकते, नाहीतर नंतर कोणीतरी केबलसाठी खोदून तेवढा भाग काँक्रीटने बुजवला असेल, तुम्ही तिथे काँक्रीटचा पॅच बघितला का? आम्ही बघितला नव्हता. आम्ही ब्लॉक मोजत होतो ना, त्यामुळे ब्लॉक नसलेल्या जागेकडे लक्षच गेलं नाही.

एक कागद आधी द्यायचा आणि एक मागे ठेवायचा, ही जी शिकवायची पद्धत आहे ना ती मला आयुष्यभर लक्षात राहणार आहे. दोन्ही कागद सकाळीच दिले असते तर आम्ही गणित करून मोकळे झालो असतो आणि काहीच शिकलो नसतो.

त्यानंतर त्याच बातमीचं दुसरं व्हर्जन लिहिलं आणि इथे भाषेवर जे काम झालं ते मला फार आवडलं, कारण ते आपल्या मराठी बातम्यांबद्दलच होतं. सरांनी आमच्या पहिल्या बातम्यांमधले शब्द गोल केले होते. घोटाळा, मलिदा, संगनमत. यातला कुठलाही शब्द आमच्याकडच्या पुराव्याला पेलणारा नव्हता, पेलणारा शब्द एकच, तफावत. कागदावर २५२, जागेवर २३७, तफावत १५ चौरस मीटरची, बास. मग करण्यात आले, देण्यात आले, काढण्यात आले ही वाक्यं गोल केली. बिल काढण्यात आले. कोणी काढलं? सही कोणाची? कुठल्या तारखेला? आपल्या मराठीत ही जी सवय आहे ना, यात करणारा माणूसच वाक्यातून गायब होतो, आणि शोध बातमीत तर तोच शोधायचा असतो. माहीत असेल तर लिहा, नसेल तर ते शोधायचं काम अजून बाकी आहे असं समजा. आणि विश्वसनीय सूत्रांकडून समजते, हे आमच्या गटात दोघांनी लिहिलं होतं. सूत्र कोण तर दुचाकीवाले काका. सर म्हणाले, मग लिहा ना, गल्लीतल्या एका रहिवाशाने सांगितलं, त्यात कमीपणा काय आहे?

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे पानाच्या समासात आकडे टाकणं. बातमी लिहून झाली की प्रत्येक वाक्याच्या डाव्या बाजूला आकडा टाकायचा आणि मागच्या पानावर त्या आकड्यासमोर पुरावा, कुठला कागद, कुठलं पान, कोणाशी कधी बोललो. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येत नाही ते वाक्य काढायचं, कितीही भारी असलं तरी. माझ्या ३४ वाक्यांपैकी ११ गेली. जी राहिली ती वाचताना मला स्वतःलाच वेगळं वाटलं, आवाज कमी झाला होता पण हलवता येणार नाही अशी झाली होती.

शेवटच्या रविवारी सकाळी वकील मॅडम होत्या, दीड तास, आणि हे सेशन दुप्पट असायला पाहिजे होतं. १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय, शिक्षा २ वर्षांपर्यंत होऊ शकते, हे त्यांनी सांगितलंच, पण मुख्य मुद्दा हा की फौजदारी बदनामीत मी लिहिलं ते खरं होतं एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. लैंगिक अत्याचार झालेल्या लहान मुलांच्या बाबतीत पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा) कलम २३ प्रमाणे नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, आणि गाव छोटं असेल तर नाव न लिहिता सुद्धा ओळख पटते हे आमच्यातल्या गावाकडच्यांना लगेच कळलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यायचं कसं यावर त्या फार स्पष्ट होत्या, रात्री ९ ला फोन करून उचलला नाही आणि सकाळी छापलं, संपर्क होऊ शकला नाही, याला म्हणणं घेणं म्हणत नाहीत. प्रश्न लेखी पाठवा, नेमके पाठवा, दिवस द्या, आणि उत्तर आलं तर शेवटच्या ओळीत कोंबू नका. आमचे खूप प्रश्न राहिले. मुलींनी एकट्याने साइटवर जाताना काय काळजी घ्यायची हा मी विचारलेला प्रश्न वेळ संपल्यामुळे तसाच राहिला, आणि चारही दिवसांत त्यावर कोणीच बोललं नाही. आम्ही २६ मध्ये १४ मुली होतो. हा माझा पहिला राग.

दुसरी तक्रार इतिहासाच्या सेशनची. पहिल्या शनिवारी दुपारी, जेवणानंतर, अडीच तास स्लाइड्स. विषय चांगला होता. १८८७ मध्ये पत्रकार नेली ब्लाय न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण म्हणून १० दिवस राहिली ते सांगितलं. २३ एप्रिल १९९२ ला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची स्टेट बँकेच्या व्यवहारांची बातमी आली आणि त्यातून हर्षद मेहताचं शेअर बाजाराचं प्रकरण फुटलं तेही आलं. पण वक्ते वाचून दाखवत होते. त्यातला एकच भाग जिवंत झाला तो तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या सिमेंट प्रकरणाचा, कारण तिथे त्यांनी स्लाइड सोडली आणि फळ्यावर आले. तेव्हा सिमेंट सरकारी कंट्रोलमध्ये होतं, ऑगस्ट १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींनी छापलं, जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांचा राजीनामा. हे आम्हाला पाठ असतं. पण त्यांनी फळ्यावर दोन याद्या काढल्या, एकीकडे अंतुलेंच्या ट्रस्टला देणगी देणारे बिल्डर, दुसरीकडे सिमेंट मिळालेले, आणि सांगितलं की या दोन्ही याद्या वेगवेगळ्या असताना कोणालाच काही सांगत नव्हत्या, शेजारी ठेवल्या तेव्हा बोलल्या. अडीच तासांऐवजी ही २० मिनिटंच ठेवली असती आणि बाकी वेळ वकील मॅडमना दिला असता तर मी पाच स्टार दिले असते.

बाकी बारीकसारीक, हॉलचा एसी पहिले दोन दिवस बंद होता, दुसऱ्या आठवड्यात चालू झाला. जेवण साधं पण चांगलं, रविवारी मटकीची उसळ मस्त होती. सर्टिफिकेट मेलवर पाठवतो म्हणाले, तीन आठवडे लागले आणि माझ्या आडनावात चूक होती, फोन केल्यावर बदलून दिलं. छुप्या कॅमेऱ्यावर एक तास ठेवला होता तो मला पटला नाही. सरांनी स्वतःच सांगितलं की तो शेवटचा उपाय आणि विद्यार्थ्यांनी तर करूच नये, मग तास कशाला?

आणि तिसरी, खरी मोठी तक्रार, फॉलोअप नाही. माहिती अधिकाराचं उत्तर यायला किमान महिना जातो, म्हणजे आमच्या हातात कागद आले तेव्हा वर्कशॉप संपून गेलेलं होतं. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यावर आता फक्त पुढच्या बॅचची जाहिरात आणि शुभ सकाळ येतं. ४५ दिवसांनी एक रविवार परत बोलवा, प्रत्येकाने आपापले कागद घेऊन यावं, एवढं केलं तरी या वर्कशॉपची किंमत दुप्पट होईल. फीडबॅक फॉर्ममध्ये मी हेच लिहिलं, इथेही लिहितेय म्हणजे त्यांनी वाचलं तर बरं.

कोणी करावं? ज्याला मास कॉम करायचंय, किंवा गावात एखादा प्रश्न डोक्यात घोळतोय पण कुठून सुरुवात करायची कळत नाही, त्याने नक्की करावं. ज्याला अँकर व्हायचंय, कॅमेऱ्यासमोर बोलायला शिकायचंय, त्याच्यासाठी यात काहीच नाही. जाताना स्वतःचा एक प्रश्न घेऊन जा, नुसतं ऐकायला गेलात तर निम्मंच मिळेल. आणि टोपी न्या, मोजायला उन्हात पाठवतात.

माझ्या टाकीचं काय झालं ते पण विचारलंय बऱ्याच जणांनी. वर्कशॉप संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी अर्ज दिला, शिक्क्यासकट पोच घेतली. पुढच्या रविवारी मामाच्या मुलाला घेऊन डोंगरावर गेले आणि टाकीचा घेर मोजला, १५.७ मीटर. म्हणजे बाहेरून व्यास ५ मीटर. उंची अंदाजे अडीच मीटर. याचं गणित केलं तर ४९,००० लिटर येतं, म्हणजे टाकीवर लिहिलेलं जवळपास बरोबर. पण हे बाहेरचं माप आहे. भिंत १५ सेंटीमीटरची धरली तर आतून व्यास ४.७ राहतो आणि पाणी ४३,००० लिटरच्या आसपास. ती १५ सेंटीमीटर मी धरलीये, मोजलेली नाही, आणि उंची पण बाहेरून अंदाजाने. मामाचा मुलगा म्हणाला, ताई, टाक की स्टेटस, टाकीतले ७ हजार लिटर चोरले. मी त्याला पेव्हर ब्लॉकची गोष्ट सांगितली.

उत्तर ३८ व्या दिवशी आलं, ४६ पानं आहेत, ९२ रुपये भरा. लाल पेनने लिहिलेलं कलम आठवलं, ७(६), ३० दिवस उलटून गेलेत म्हणजे पैसे लागत नाहीत. ९२ रुपये काही फार नाहीत, भरून मोकळं होता आलं असतं, पण मी जोडपत्र ब मध्ये पहिलं अपील लिहिलं, २० रुपयांचा स्टॅम्प लावला आणि देऊन आले. बाबा म्हणाले ९२ वाचवायला २० घातलेस, आणि मग स्वतःच पोच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवली. तोपर्यंत थांबायचं नाही म्हणून येत्या सोमवारी दुपारी ३ वाजता फाईल बघायला जातेय. सगळी ४६ पानं नको आहेत, टाकीचा नकाशा तेवढा बघायचाय, त्यात भिंतीची जाडी लिहिलेली असणार.